चौथीचा तीन महिन्यांचा प्रकल्प, विषय ‘आपली नदी’: मुलांकडून कसा करून घ्यावा?

हरिपूर_रोड

नमस्कार मंडळी. मुलगी चौथीत आहे, मराठी माध्यम, शाळा सांगलीतच. जुलैच्या सुरुवातीला वर्गाला दीर्घ प्रकल्प दिलाय, विषय ‘आपली नदी’. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जमा करायचा आहे. वहीत नियमित नोंदी हव्यात, एक तक्ता हवा आणि वर्गासमोर तीन मिनिटं बोलायचं. बाकी काहीच ठरवून दिलेलं नाही.

दुकानात छापील चित्रं मिळतात. ती चिकटवून चार पानं उतरवली तर एका रविवारचं काम आहे, पण मग शाळेनं तीन महिने कशाला दिले? मुलीला स्वतःच्या हातानं करता येईल असं काय घ्यावं? रोज किती वेळ लागेल? आईवडिलांनी कुठं हात लावायचा आणि कुठं नाही? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

---

खडू_फळा (कराड)

ताई, सगळ्यात आधी विषयाचा एक प्रश्न करून घ्या. ‘कृष्णा नदीची माहिती’ घेतलीत तर मूल उतरवूनच काढणार, दुसरं करण्यासारखं त्यात काही नसतं. ‘नदीचे प्रदूषण’ हाही फसवा विषय आहे. चौथीच्या मुलाला त्यात मोजता काही येत नाही, म्हणून शेवटी घोषवाक्यं उरतात.

प्रश्न चांगला आहे का हे तपासायला तीन गोष्टी बघा. उत्तर एका पानावर तयार सापडता कामा नये. मुलाला रोज पाच-दहा मिनिटांत स्वतः काहीतरी मोजता आलं पाहिजे. आणि उत्तर काय येईल हे आधीच ठरलेलं नसावं.

सांगलीकरांना असा प्रश्न आयताच मिळालाय: सांगलीत पाऊस नसताना कृष्णा का वाढते? पण हा प्रश्न तुम्ही मुलीच्या हातात देऊ नका. आठवडाभर रोज सकाळी पेपरातली आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी तिच्याकडून वाचून घ्या आणि आभाळ बघायला सांगा. कोरड्या दिवशी पातळी दोन-तीन फूट चढली की ती स्वतःच विचारेल. ती ज्या शब्दांत विचारेल तेच वाक्य, तिच्याच अक्षरात, वहीच्या पहिल्या पानावर. त्याखाली तिचा अंदाज, तारीख घालून. तो चुकीचा असला तरी शेवटपर्यंत खोडायचा नाही. प्रकल्प हे आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाचं एक साधन आहे, आणि आधी काय वाटत होतं, नंतर काय कळलं हे वहीत दिसलं तर शिक्षकांना मुलाची वाढ दिसते. खोडरबरानं नेमकं तेच पुसलं जातं.

---

मिलिमीटर

वरचा प्रश्न घेणार असाल तर पर्जन्यमापक घरीच करा. बाटली कापून उलटी बसवायची पद्धत सगळीकडे सांगतात, पण शीतपेयाच्या बाटलीचा तळ खळग्यांचा असतो आणि मधे कंबर असते. बाहेरून पट्टी लावून मोजलं की आकडा चुकतो. त्यापेक्षा नरसाळं आणि तेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन घ्या.

नरसाळ्याच्या तोंडाचा आतला व्यास पट्टीनं मोजा. ११.३ सेमी मिळाला तर उत्तम, कारण त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ १०० चौ.सेमी भरतं आणि १० मिली पाणी म्हणजे १ मिमी पाऊस होतो. औषधाच्या दुकानातून १० मिलीची बिनसुईची सिरिंज आणायची. एक सिरिंज म्हणजे एक मिलिमीटर, चौथीच्या मुलाला भागाकाराचीही गरज पडत नाही. तोंड १० सेमीचं असेल तर ८ मिलीला १ मिमी धरा, १२ सेमीचं असेल तर ११.३ मिलीला. मोठा पाऊस झाला तर सिरिंजनं मोजत बसू नका. आधी २०० मिलीच्या मापानं मोजा आणि उरलेल्यासाठी सिरिंज वापरा.

आता चुका कुठं होतात ते सांगतो.

नरसाळं आणि कॅनच्या तोंडामध्ये फट राहते. नरसाळ्याच्या बाहेरून ओघळलेलं पाणीही त्या फटीतून आत जातं आणि पाऊस जास्त दिसतो. म्हणून चिकटपट्टी गुंडाळायची. पण पूर्ण हवाबंद केलं तर आतली हवा कोंडते आणि पाणी नरसाळ्यातच तुंबतं. कॅनच्या मुठीखाली, जिथं थेट पाऊस लागत नाही तिथं, दाभणानं एक भोक पाडा.

कॅन रिकामा असताना वाऱ्यानं पडतो. भोवती चार विटा लावा. नरसाळ्याची कड जमिनीपासून साधारण ३० सेमी वर हवी, नाहीतर फरशीवरून उडालेले शिंतोडे आत जातात. आणि ती कड आडवी आहे का ते बघा. कललेलं नरसाळं कमी पाणी झेलतं.

जागा सगळ्यात महत्त्वाची. भिंत किंवा झाड जेवढं उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर मापक ठेवायचा. पागोळ्यांखाली किंवा नारळाखाली ठेवला तर सगळी मेहनत वाया.

---

हरिपूर_रोड

अंगण अरुंद आहे, दोन्ही बाजूंना दुमजली घरं. गच्ची चालेल का? आणि वेधशाळा सकाळी साडेआठला मोजते असं वाचलं. मुलीची शाळा सकाळची आहे, तेव्हा घरी कुणी नसतं.

---

मिलिमीटर

गच्ची चालेल. कठडा मीटरभर उंच असेल तर त्यापासून दोन मीटर आत ठेवा. टाकी आणि जिन्याच्या खोलीपासूनही लांब.

वेळ सातची ठेवा की. साडेआठच हवेत असं नाही, रोज एकच वेळ पाळली म्हणजे झालं. फक्त वहीच्या पहिल्या पानावर ‘रोज सकाळी ७ वाजता, मागच्या २४ तासांचा पाऊस’ असं लिहून ठेवा. मोजून झालं की कॅन पूर्ण रिकामा करायचा.

एक नियम पहिल्या दिवसापासून पाळा. पाऊस नसेल तर ० लिहायचं. मोजायचं राहिलं असेल तर आडवी रेघ. रकाना मोकळा सोडायचा नाही. महिन्यानं मोकळा रकाना बघून पाऊस नव्हता की मोजलाच नव्हता, हे कुणालाच सांगता येत नाही. दोन दिवसांचं पाणी एकत्र मोजलं गेलं तर तसंच लिहा, ‘१२ व १३ तारखेचा मिळून’. अर्धं-अर्धं वाटून टाकू नका, ते मोजमाप राहत नाही.

हवामान खात्याच्या हिशोबात २.५ मिमी किंवा जास्त पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’. ६४.५ मिमीच्या पुढे ‘जोरदार’. मुलांना या पायऱ्या आवडतात. आपला दिवस कुठल्या पायरीत बसला ते तिला रोज लिहू दे.

---

आयर्विन_४०फूट

नदीच्या आकड्यांबद्दल मी लिहितो.

मुलीला पातळी बघायला घाटावर किंवा पुलावर नेऊ नका. पावसाळ्यात रोज स्थानिक पेपरांत आणि पाटबंधारे विभागाच्या माहितीत आकडा येतो. तोच घ्यायचा, आणि एकच स्रोत शेवटपर्यंत ठेवायचा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. पूल १९२९ चा आहे, तक्त्यावर चित्र हवं असेल तर त्याचंच काढू दे.

तारखेत फसगत होते. आजच्या पेपरातली पातळी बहुतेक वेळा कालची असते. नोंदीत मोजल्याची तारीख घ्या, छापल्याची नको. नाहीतर सगळा आलेख एक दिवसानं सरकतो आणि उत्तरच बिघडतं.

दुसरी चूक फूट-इंचाची. ३२ फूट ६ इंच म्हणजे ३२.६ नव्हे, ३२.५. इंचाला १२ नं भागायचं. चौथीत हे जड जातं, म्हणून वहीच्या मागं एक छोटी पट्टी करून चिकटवा: ३ इंच म्हणजे पाव फूट, ६ म्हणजे अर्धा, ९ म्हणजे पाऊण. मधले इंच जवळच्या पावात घ्यायचे. एवढी अचूकता पुरते.

तिसरी चूक ‘आवक’ आणि ‘विसर्ग’. कोयना नदी वर कराडला कृष्णेला मिळते; तिच्यावरच्या धरणाचे दोन्ही आकडे बातमीत शेजारी-शेजारी असतात. आवक म्हणजे धरणात आलेलं पाणी, विसर्ग म्हणजे सोडलेलं. आपल्याला विसर्ग हवा. तोही दोन वाटांनी येतो: पायथा वीजगृहातून आणि सांडव्याच्या सहा वक्राकार दरवाजांतून. पायथा वीजगृहाची दोन्ही जनित्रं चालू असतील तर २,१०० क्युसेक. दरवाजे उघडले असतील तर दोन्हींची बेरीज करायची. काही बातम्यांत बेरीज केलेली असते, काहींत नसते, म्हणून वाक्य पूर्ण वाचा.

क्युसेक मुलीला असा समजवा: सेकंदाला १ घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर, घरातल्या दोन मोठ्या बादल्या. मग २,१०० क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास ६०,००० लिटर. दहा हजार लिटरचे सहा टँकर, प्रत्येक सेकंदाला. हे गणित तिनं स्वतः केलं तर विसरणार नाही. टीएमसीत (म्हणजे अब्ज घनफुटांत) मात्र फार शिरू नका. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, वारणेच्या चांदोली धरणाची ३४.४०, एवढं पुरे. पालकांच्या माहितीसाठी: ११,५७४ क्युसेक विसर्ग पूर्ण दिवस चालला की १ टीएमसी पाणी जातं.

रोजच्या तक्त्याला पाचच रकाने ठेवा. मोजल्याची तारीख, घरचा पाऊस, आयर्विनची पातळी, कोयनेचा विसर्ग, शेरा. जास्त रकाने आखले की पंधरा दिवसांत वही मोकळी राहायला लागते.

---

वारणाकाठ

एक भर. नकाशा काढायला लावा, त्याशिवाय आकडे बोलत नाहीत. बटर पेपर नकाशावर ठेवून फक्त नद्या गिरवायच्या. महाबळेश्वरला कृष्णेचा उगम, पुढं वाईजवळ धोम धरण, साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा मिळते, कराडला प्रीतिसंगमावर कोयना, ब्रह्मनाळला येरळा, मग सांगली, आणि सांगलीच्या खाली लगेच हरिपूरला वारणा. पुढं नृसिंहवाडीला पंचगंगा.

वारणा आयर्विन पुलाच्या खाली मिळते हे मुलांच्या लक्षात येत नाही. मग चांदोलीतून पाणी सोडल्यावर पुलाजवळची पातळी कशी चढेल? वारणा भरून आली की कृष्णेचं पाणी पुढं सरकायला जागा राहत नाही आणि ते मागं फुगतं. न्हाणीघरात हे दाखवता येतं: मोरीचं तोंड अर्धं झाका आणि तोच नळ तेवढाच चालू ठेवा.

अलमट्टीचा विषय निघेलच: खाली कर्नाटकात असलेल्या त्या धरणाच्या फुगवट्यानं सांगलीत पाणी चढतं का? तो मोठ्यांमध्येही वादाचा आहे. चौथीच्या वहीत ‘काही लोक असं म्हणतात, मी ते मोजलं नाही’ असं एक वाक्य पुरेसं आहे.

---

माणदेशी

आम्ही माण तालुक्यातल्या दहिवडीकडच्यांनी काय करायचं? इथं नदीच बरेच महिने कोरडी असते, धरणाच्या विसर्गाचा संबंध नाही. माझ्याकडचं मूल पाचवीत आहे आणि विषय तोच, ‘आपली नदी’.

---

मिलिमीटर

दादा, तुमचा प्रश्न तर जास्त चांगला आहे. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमीच्या वर पाऊस आणि माण तालुक्यात त्याचा दहावा हिस्सा पडायची मारामार. ढग तेच, मग असं का? घरचा पाऊस तसाच मोजा, शेजारच्या रकान्यात पेपरातला महाबळेश्वरचा २४ तासांचा आकडा. तिथं एक सावधगिरी: बातमीत ‘आजअखेर’ म्हणून एकूण पाऊसही दिलेला असतो, तो २४ तासांच्या रकान्यात उतरवला की एका दिवसात ३,००० मिमी दिसतो.

पाण्याची पातळी हवी असेल तर जवळ पायऱ्यांची बारव असल्यास वरून उघड्या पायऱ्या मोजता येतात. आठवड्यातून एकदा, मोठं माणूस बरोबर, एकाच जागी उभं राहून फोटो. विहिरीत दोरी सोडणं मुलाकडे अजिबात देऊ नका. नदीच्या पात्रात पाणी आलं ती तारीख आणि आटलं ती तारीख, या दोन नोंदीसुद्धा मोलाच्या.

---

माणदेशी

पायऱ्यांचं जमण्यासारखं आहे. धन्यवाद.

---

खडू_फळा (कराड)

वेळेचं नियोजन राहिलंय. ते मागून पुढं आखायचं. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, जमा करायच्या तारखेवर खूण करा आणि तिथून मागं या.

शेवटचा आठवडा पूर्ण मोकळा ठेवा, त्यात नवीन काही करायचं नाही. त्याआधीचे दोन आठवडे आलेख, लेखन आणि तक्ता. गणपतीच्या दिवसांत रोजच्या नोंदीपलीकडे काही होणार नाही असंच धरा, आणि चाचणीच्या आठवड्यातही. म्हणजे प्रत्यक्ष हातात जुलैचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरचा मध्य एवढाच काळ उरतो. रोज सकाळी दहा मिनिटं नोंद, रविवारी अर्धा तास. त्या अर्ध्या तासात आठवड्याचे आकडे एकदा वाचायचे आणि एकच वाक्य लिहायचं: या आठवड्यात मला काय दिसलं? पुढं सगळं लेखन याच वाक्यांवर उभं राहतं. म्हणून रविवार चुकवू नका, एखादी रोजची नोंद चुकली तर चालेल.

बहुतेक प्रकल्प तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कोसळतात. नवलाई संपलेली असते, आलेख अजून लांब असतो, रोज तेच ते. त्या वेळी मध्येच एक वेगळं काम घाला. मुलाखत घ्या किंवा नकाशा काढा. पहिल्याच आठवड्यात सगळी मजेची कामं उरकून टाकू नका.

पालकांनी काय करायचं: वेळेची आठवण, कात्रीचं आणि दाभणाचं काम, फोन करून लोकांची वेळ घेणं, आकडे वाचताना शेजारी बसणं. काय करायचं नाही: वाक्य सांगणं, अक्षर सुधारून लिहिणं, अंदाज ‘बरोबर’ करून देणं. तिनं ‘पाणी लांबून चालत येतं’ असं लिहिलं तर तसंच राहू द्या. ‘जलप्रवाहास कालावधी लागतो’ हे चौथीतलं मूल लिहीत नाही आणि शिक्षकांना ते लगेच कळतं.

---

पाटी_पेन्सिल

थोडं वेगळं मत मांडतो. अनेक शाळांत तक्ता सुंदर दिसतो त्यालाच शाबासकी मिळते. ज्या मुलाचा तक्ता आईनं सजवला त्याचा भिंतीवर लागतो आणि स्वतः केलेल्या मुलाचा कपाटात जातो. मुलं हिरमुसतात. त्यामुळं पालकांनी दिसण्याला थोडा हात लावला तर बिघडलं कुठं?

---

खडू_फळा (कराड)

तुमचं म्हणणं खरं आहे, असं घडतं. म्हणून दिसण्यातली मदत कुठली ते ठरवून घेऊ. पेन्सिलीनं हलक्या रेघा आखून देणं, कार्डशीट सरळ कापून देणं, अक्षरं किती मोठी हवीत ते दाखवणं, ही मदत मोकळेपणानं करा. मजकूर, आकडे आणि चित्र तिचं.

२२ × २८ इंची कार्डशीट घ्या, पातळ ड्रॉइंग पेपर पावसाळी हवेत गुंडाळला जातो. मथळ्याची अक्षरं पाच सेंटीमीटर, बाकी मजकूर दोन हात लांबून वाचता येईल एवढा. पांढरा पातळ गोंद सगळीकडे फासला की कागदाला सुरकुत्या येतात. कडेला चारी बाजूंनी ग्लू स्टिक फिरवा, मधे लावू नका. आणि तक्त्यावर जागा तीन गोष्टींनाच: प्रश्न, आलेख, नकाशा. बाकी सगळं वहीत. शिक्षकांना वही उघडून दाखवायला मुलीला जरूर सांगा. रोजच्या नोंदींची मळलेली वही समोर आली की सजावटीचा मुद्दाच मागं पडतो.

---

गावभाग

मुलाखतीबद्दल. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेली माणसं प्रत्येक गल्लीत आहेत. दोघांनाच विचारा, पण नीट. एक नदीकाठचं जुनं माणूस, एक शेतकरी. पाटबंधारे खात्यातलं कुणी ओळखीचं असेल तर तिसरं.

प्रश्न पाच-सहा, आणि ‘हो-नाही’त संपणारे नकोत. ‘पूर आला होता का?’ याला उत्तर ‘हो’. त्याऐवजी ‘पाणी घरात येण्याआधी तुम्हाला कशावरून कळलं?’, ‘पाणी चढायला किती वेळ लागला आणि उतरायला किती?’, ‘त्या दिवशी सांगलीत पाऊस होता का?’ हा शेवटचा प्रश्न तर प्रकल्पाचा गाभा आहे, तो कुणालाच विचारायला विसरू नका.

आधी फोन करून वेळ घ्या. आवाज मोबाइलवर घ्यायचा तर परवानगी मागायची, आणि ती मुलीनं मागायची: ‘आजोबा, रेकॉर्ड केलं तर चालेल का?’ त्याच संध्याकाळी ऐकून पाच ओळी लिहून टाका, आठवडाभरानं कुणी काय सांगितलं त्याची सरमिसळ होते. नुकसानीचे, दगावलेल्या जनावरांचे प्रश्न मुलीनं काढू नयेत. सांगणाऱ्यानं आपणहून सांगितलं तर ऐकायचं. वर्गातल्या मुलांना तर मुळीच विचारू नये, त्यातल्या काहींची घरं पाण्यात गेलेली असतात.

जुन्या भिंतींवर पुराच्या रेघा किंवा तारखेच्या खुणा असतात. घरमालकाला विचारून, पाणी नसताना, टेपनं जमिनीपासून उंची मोजा आणि मुलीला त्या खुणेशेजारी उभं करून फोटो काढा. तिच्या डोक्याच्या किती वर होतं पाणी हे तिला कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त समजेल. मात्र वेगवेगळ्या गल्ल्यांतल्या रेघांची आपसात तुलना करू नका. जमीनच खाली-वर आहे, त्यामुळं एका घराची पाच फुटांची रेघ आणि दुसऱ्याची दोन फुटांची रेघ ही एकाच पुराची, एकाच पातळीची असू शकते.

---

वाचनकट्टा

वाचून लिहिण्याचा भाग छोटा ठेवा, पण उतरवणं टाळायची सवय आत्ताच लागते. साधा उपाय: पान वाचायचं, पुस्तक मिटायचं, आजीला तोंडी सांगायचं, मग लिहायचं. आठवलं नाही ते तिचं नव्हतंच.

नोंदींना तीन रंग द्या. मी बघितलं किंवा मोजलं ते निळं, कुणी सांगितलं ते हिरवं, वाचलं ते पेन्सिलीनं. शेवटी वही चाळली की कळतं. सगळी पानं पेन्सिलीची असतील तर मोजणं राहून गेलंय.

मोबाइलवर शोधायचं असेल तर आधी शोधायचा शब्द कागदावर लिहून घ्या आणि वीस मिनिटांत बंद. तयार परिच्छेद लिहून देणारी साधनं आता सगळ्यांच्या हातात आहेत, पण या प्रकल्पात त्यांचा उपयोग नाही. तुमच्या गच्चीवर परवा किती पाऊस पडला हे त्यांना माहीत नसतं.

---

आलेखवही

आता मुख्य काम. पाऊस आणि पातळी एकाच आलेखावर, डावीकडे मिमी आणि उजवीकडे फूट, असं करू नका. चौथीच्या मुलाला दोन मापं एका चित्रात वाचता येत नाहीत. एकाखाली एक असे दोन आलेख काढा, तारखा मात्र दोन्हींत अगदी सरळ रेषेत.

१५ जुलै ते ३० सप्टेंबर म्हणजे ७८ दिवस. दिवसाला अर्धा सेंटीमीटर दिला तर ३९ सेमी लांबी होते, आलेखाचे दोन कागद आडवे जोडले की बसते. वरचा आलेख घरच्या पावसाचा, स्तंभ, १ सेमीला १० मिमी. खालचा नदीच्या पातळीचा, ठिपके जोडून रेघ, १ सेमीला ५ फूट. ४० फुटांवर पिवळी आणि ४५ फुटांवर लाल रेघ आधीच आखून ठेवा. आलेख शेवटी एकदम काढू नका, दर रविवारी सात दिवस भरायचे. आकडा चुकीचा लिहिला गेला असेल तर रेघ वेडीवाकडी उडी मारते आणि चूक त्याच आठवड्यात सापडते, तेव्हा पेपरही घरात असतो.

कोयनेचा विसर्ग मात्र बटर पेपरवर वेगळा काढा, तारखांची रुंदी तीच, १ सेमीला १०,००० क्युसेक. आता हा बटर पेपर नदीच्या आलेखावर ठेवा. विसर्गाचा चढ आणि पातळीचा चढ एकावर एक येणार नाहीत. मुलीला कागद हळूहळू उजवीकडे सरकवायला सांगा, चढावर चढ बसेपर्यंत. जेवढे अर्धे सेंटीमीटर सरकला तेवढे दिवस कोयनेचं पाणी सांगलीला यायला लागले. हे उत्तर तिला कुणी सांगायचं नाही, तिच्या हातानं कागद सरकला पाहिजे. यासाठीच तर तीन महिने नोंदी केल्या.

रोजची एकच नोंद असेल तर उत्तर पूर्ण दिवसांतच येईल. पाणी चढत असताना पातळी दिवसातून अनेकदा जाहीर होते. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ दोन नोंदी घेतल्या तर अर्ध्या दिवसापर्यंत पोहोचता येईल.

काही दिवस बसणारच नाहीत. विसर्ग वाढला नाही आणि तरी नदी चढली, असं होईल. ते दिवस लाल गोलात घ्या आणि नकाशाकडे जा: वेण्णा, उरमोडी, तारळी, वारणा. ‘न बसलेले दिवस’ असं एक पान वहीत हवंच. ते पान लपवलं तर प्रकल्प कमजोर होतो.

---

पाटी_पेन्सिल

बटर पेपरची युक्ती फारच आवडली. पण हेच एक्सेलवर पाच मिनिटांत होतं ना? सातवीच्या मुलाला तसं करायला द्यावं का?

---

आलेखवही

सातवीला चालेल, पण पहिले पंधरा दिवस हातानं काढल्यावर. चौथीला नको. ठिपका कुठं द्यायचा हे बोटानं मोजताना तिला आकड्याचा अर्थ कळतो.

---

हरिपूर_रोड

खूप मोलाची माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. कॅन आणि नरसाळं आणलं, व्यास ११ च्या थोडा वर भरतोय. दोन शंका. यंदा कोयनेचे दरवाजे उघडलेच नाहीत तर? आणि उलट, पूरच आला, शाळा बंद झाली, चार-आठ दिवस नोंदी राहिल्या तर आलेखात काय दाखवायचं?

---

आयर्विन_४०फूट

दरवाजे उघडले नाहीत तर निदान कोयनेच्या पाण्यानं नदी झपाट्यानं चढणार नाही, आणि तेही उत्तरच आहे. सांगलीत पाऊस पडूनही पातळी फार हलली नाही असे दिवस शोधायला सांगा. प्रश्नाची दुसरी बाजू तिथं सापडते. पायथा वीजगृहाचा विसर्ग तेवढा मांडा.

पुराची शक्यता दिसली की मापक आधी खाली घ्या, त्यासाठी कुणी गच्चीवर जायचं नाही. वही प्लास्टिकच्या पिशवीत, घरच्या कागदपत्रांबरोबर. आणि आतापासूनच दर रविवारी पानाचा फोटो काढून दुसऱ्या गावच्या नातेवाइकांना पाठवत जा.

---

आलेखवही

राहिलेल्या दिवसांची जागा मोकळी सोडा. रेघ अलीकडच्या ठिपक्यापाशी थांबवायची आणि पलीकडच्या ठिपक्यापासून पुन्हा सुरू करायची, मधे जोडायची नाही. पावसाच्या आलेखात त्या तारखांखाली बारीक अक्षरात ‘नोंद नाही’. पुलाची पातळी मात्र जुन्या पेपरांतून नंतर भरता येते. पेपर नगर वाचनालयात मिळतील का ते आधी फोन करून विचारा. नंतर भरलेले ठिपके वेगळ्या रंगात. व्यास ११.२ ते ११.४ मध्ये असेल तर दहा मिलीचाच हिशोब ठेवा. ११.० असेल तर साडेनऊ मिलीला एक मिमी.

---

खडू_फळा (कराड)

बोलण्याच्या तयारीचं एवढंच: तीन मिनिटांचं भाषण पाठ करून घेऊ नका. एखादा शब्द विसरला की पाठ केलेलं मूल तिथंच अडतं. आलेखावर बोट ठेवून प्रश्न, चढाचा एक दिवस, बटर पेपर सरकवणं आणि न बसलेला एक दिवस, या क्रमानं बोलू दे. घरी सराव करताना प्रत्येक वाक्यानंतर एकच प्रश्न विचारा, ‘हे तुला कसं कळलं?’ वर्गशिक्षकही तोच विचारतील. बटर पेपर तक्त्यावर वरच्या कडेनं पूर्ण चिकटवू नका, तो सरकला पाहिजे. दोन टाचण्यांनी लावून ठेवा आणि बोलताना टाचण्या काढून कागद हातात घेऊ द्या.